न भिता बोललेलं मिनिट

दुर्वा अढाऊला पहिला संशय आला तो बापावरच. बाप मुद्दाम बोलत नाही, असं तिला वाटलं.

रोज संध्याकाळी साडेसहाला ती विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन घरी फोन लावायची. हा फोन म्हणजे नुसती ख्यालीखुशाली नव्हती, ते औषध होतं. तिचे वडील समाधान अढाऊ तालुक्याच्या बाजार समितीत बावीस वर्षं हर्रास पुकारत होते. सोयाबीनच्या, तुरीच्या ढिगांमधून फिरत, चाळीस व्यापाऱ्यांच्या गलक्यात लिलाव चालवायचा म्हणजे जीभ कात्रीसारखी चालावी लागते, आणि समाधानची चालायचीही. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा झाला. हात परत आला, पाय परत आला, बोलणं मात्र आलं नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शब्द गेलेले नाहीत, त्यांच्याकडे जाणारी वाट मोडली आहे. त्यांच्याशी रोज गप्पा मारा. शिकवू नका, गप्पा मारा. चिडवा, भांडा.

भांडायचं काम आपोआप दुर्वाकडे आलं, कारण घरात समाधानशी भांडण्याची हिंमत तिचीच. ती मुद्दाम चुकीचं बोलायची. तूर श्रावणात निघते म्हणायची. बापाला राहवायचं नाही आणि एखादा शब्द बाहेर पडायचा. नऊ महिन्यांत समाधान ‘हं’ पासून चार शब्दांच्या वाक्यापर्यंत आले होते. दिवाळीत जेवताना ते म्हणाले होते, “वंदना, भाजीत मीठ नाई.” आई आधी रडली आणि मग मीठ घेऊन आली.

आणि आता महिनाभर झाला, गाडी उलटी निघाली होती. पुन्हा नुसतं ‘हं’. परवापासून तेही नाही.

“बाबा, आज तब्येत कशी आहे तुमची?” दुर्वाने विचारलं. “औषधं वेळेवर घेतलीत ना?”

पलीकडे श्वास ऐकू येत होता, शब्द येत नव्हता. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

“आई, त्यांना पुन्हा झटका तर आलेला नाही? तुम्ही लोक माझ्यापासून काही लपवत तर नाही?”

“त्याले काई झालं नाई,” आई म्हणाली. “तुले काय झालं ते सांग.”

आई असं का म्हणाली, यावर दुर्वा बराच वेळ विचार करत बसली. विचार करताना तिचा हात सवयीने गळ्याकडे गेला, आणि तिथे पट्टी होती.

कंठपट्टी येऊन त्या दिवशी बरोबर ऐंशी दिवस झाले होते. त्याआधीची दुर्वा आठवायची तर तिचा पहिला सेमिनार आठवावा लागेल. ती मृदाशास्त्राची विद्यार्थिनी, काळ्या मातीबद्दल तिला वर्गात कुणापेक्षाही जास्त कळायचं, पेपरही इंग्रजीत छान लिहायची. पण त्या दिवशी इंग्रजीत बोलायला उभी राहिली आणि गळ्याला जणू कुणी गाठ मारली. मातीचं सगळं डोक्यात हजर, आणि तोंडातून एकच वाक्य आलं, “सर, मे आय सिट?” वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची पुढच्या आठवड्यात तीच गत झाली, ही गोष्ट वेगळी. शेवटच्या सत्राला बाहेरच्या परीक्षकांसमोर इंग्रजीत तोंडी परीक्षा होती, आणि तिच्यात पहिल्या पाचांत येणाऱ्यांना आयर्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत वर्षभर काम करायला मिळणार होतं. दुर्वाला ते हवं होतं. अगदी आतून, रात्रंदिवस हवं होतं.

म्हणून पुण्याची एक नवी कंपनी पट्ट्या घेऊन आली तेव्हा सगळ्यांच्या पुढे हात दुर्वाचा. इंग्रजी संभाषण शिकवणारे डॉ. भास्कर राखोंडे सर स्वतः पट्टी घालून वर्गात आले. हे सर आधी परिषदेत इंग्रजी बोलायची वेळ आली की पोट बिघडवून घेत. आता ते संथपणे, एकही ठेच न लागता बोलले. कंपनीचा अभियंता अन्वय कर्णिक शेजारी उभा होता. त्याने विज्ञान सांगितलं, आणि चांगलं सांगितलं.

माणूस शब्द उच्चारतो, त्याच्या पाव सेकंद आधीच मेंदूचा निरोप गळ्याच्या स्नायूंपर्यंत पोचलेला असतो. माणूस घाबरलेला असेल तर त्याच वेळी मेंदूतलं भीतीचं केंद्र दुसरा निरोप धाडतं, आवळा. दोन निरोपांची धडक होते आणि शब्द अडकतो. पट्टी त्वचेवरूनच हे दोन्ही निरोप वाचते. आवळण्याचा निरोप दिसला की गळ्याजवळून जाणाऱ्या एका मोठ्या नसेला ती जाणवणारही नाही इतका सौम्य विद्युतस्पर्श देते. ही नस हृदयापासून मेंदूपर्यंत ‘सगळं ठीक आहे’ अशी खबर नेते. भीती खाली बसते, शब्द सुटतो.

“पण प्रत्येकाचं ठीक वेगळं असतं,” कर्णिक म्हणाला होता. “म्हणून पट्टीला आधी तुमचं निवांत बोलणं ऐकवावं लागतं. साठ सेकंद. ती झाली तुमची पायाभूत नोंद. त्यानंतर तुमचा गळा त्या नोंदीपासून जितका हलेल, तितकी पट्टी त्याला परत आणेल. भिंत सरळ ठेवायला मिस्त्रीचा ओळंबा असतो ना, तसं. नव्वद दिवस हे सतत झालं की मेंदू तीच वाट पक्की करतो. मग पट्टी काढली तरी चालतं.”

मग एकेक जण काचेच्या खोलीत गेला. बाहेर कर्णिक, राखोंडे सर, विभागप्रमुख बाई आणि उरलेला वर्ग. आत सूचना एकच, घरी बोलता तसं मराठीत बोला. दुर्वाने घसा खाकरला आणि साठ सेकंद बोलली. काम फत्ते.

तिसऱ्या आठवड्यापासून इंग्रजी यायला लागलं. झुळझुळ नव्हे, पण अडत नव्हतं. एकेचाळीस पोरं बातम्या दिल्यासारखी बोलू लागली. विद्यापीठाने फलक लावला. दुर्वाने घरी पेढे पाठवले.

आईच्या त्या एका वाक्यानंतर मात्र दुर्वाचे कान उभे राहिले, आणि दुसरा संशय आला खोलीतल्या कृतिकावर.

कृतिका तेलगोटे अकोटजवळच्या खेड्यातली. दोघींचं सख्य बादलीच्या भांडणावर उभं होतं. सकाळी नळाला पाणी आलं की कृतिका दुर्वाची बादली पळवायची आणि वर ओरडायची, “तुह्यावालं नाव लिवलं हाये का तिच्यावर?” त्या दिवशी दुर्वाने नीट ऐकलं. कृतिका न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणत होती, “दुर्वा, तुझी बादली मी वापरली तर तुला चालेल का? मी लगेच परत करेन.”

“हो, अवश्य वापर,” दुर्वा म्हणाली. आणि स्वतःचंच वाक्य ऐकून ती दचकली. ‘अवश्य’ हा शब्द तिने आयुष्यात निबंधाबाहेर वापरला नव्हता.

त्या दिवसापासून ती कानोसा घेत फिरू लागली. मेसमध्ये, वाचनालयात, बसथांब्यावर. पट्टीवाली पोरं इंग्रजीत जशी बोलत तशीच मराठीत बोलत. कुणी कुणाला शिवी घालत नव्हतं. भाकऱ्या थापणाऱ्या शोभाकाकूंनी तर तोंडावरच विचारलं, “तुमाले काय सायेब चावला का वं पोरीहो?” कंपनी हे मुद्दाम करते आहे का? आमची बोलीच पुसून टाकायची, आम्हाला एका साच्यात घालायचं, असा बेत आहे का? दुर्वाने करारनाम्याची सतरा पानं पहिल्यांदा वाचली. त्यात असं काही नव्हतं, त्यामुळे तिचा संशय अधिकच वाढला.

शेवटी तिने परीक्षा घेतली. पट्टी काढून खोलीत ठेवली, गच्चीवर गेली, दार लावलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. ती मोठ्याने म्हणाली, “बाबा, काय करून रा...”

गळा आवळला. अगदी तिथेच, तसाच, जसा पहिल्या सेमिनारला आवळला होता. समोर ना परीक्षक, ना वर्ग. समोर पाण्याची टाकी होती. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गाठ. मग तिने “बाबा, तुम्ही काय करत आहात?” असं म्हणून पाहिलं, तर वाक्य लोण्यातून सुरी जावी तसं निघालं. दुर्वा टाकीला टेकून खाली बसली. तिला खरीखुरी भीती वाटली, इंग्रजीची कधी वाटली नव्हती इतकी. आपलं बोलणं हेच बापाचं औषध, आणि तेच आता उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती राखोंडे सरांकडे गेली. सरांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आपण उगाच घाबरू नये,” सर म्हणाले. “हा संक्रमणाचा काळ आहे.”

“सर, तुम्ही घरी कसे बोलता?”

सरांनी चष्मा काढला. हेच सर पूर्वी वर्गात इंग्रजी शिकवता शिकवता मध्येच वऱ्हाडीत एखादा चुटका सोडत आणि स्वतःच आधी हसत. शेवटचा चुटका कधी ऐकला ते दुर्वाला आठवेना.

“माझी पत्नीही परवा हेच विचारत होती,” ते म्हणाले. “पण माझे शंभर दिवस होऊन गेले आहेत.”

एवढं बोलून त्यांनी चष्मा परत घातला आणि समोरच्या वह्या तपासायला घेतल्या. दुर्वाने बोटांवर मोजलं. तिचा त्र्याऐंशीवा दिवस होता. तोंडी परीक्षा शहाण्णवाव्या दिवशी होती.

मंगळवारी कर्णिक प्रयोगशाळेत आला, तेव्हा ती दार ढकलून थेट आत शिरली. मनात कितीतरी पाठ करून आली होती, पण पट्टीमुळे सगळं सभ्यच बाहेर पडलं. “तुमचा उद्देश काय आहे, हे मला स्पष्टपणे सांगाल का? आम्हाला आमच्या घरी बोलता येईनासं झालं आहे.”

कर्णिक गोंधळला. ते नाटक वाटत नव्हतं, पण तरीही दुर्वाने लक्ष ठेवलं. त्याने संगणकावर दोन आलेख काढले.

“हा माझा. निवांत बोलताना गळ्याचे स्नायू असे ढिले असतात, रेघ खालून जाते. आणि हे तुमच्या वर्गाचे एकेचाळीस.” एकेचाळीस रेघा वर चढून ताणून बसल्या होत्या. “आम्हालाही तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. पण सगळ्यांच्या सारख्याच आल्या, म्हणून आम्ही धरून चाललो की या भागातल्या लोकांचा निवांत आवाजच असा असेल.”

“माझी ऐकवा,” दुर्वा म्हणाली.

त्याने तिची नोंद लावली. काचेच्या खोलीतला, ऐंशीपेक्षा जास्त दिवसांपूर्वीचा तिचा आवाज आला. “नमस्कार. माझे नाव दुर्वा समाधान अढाऊ. मला वाचनाची आवड आहे. माझे गाव निसर्गरम्य आहे.”

कर्णिकने दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्यांची नावं वेगळी आणि सगळ्यांची गावं निसर्गरम्य. कृतिकाचं तर असं गाव, की जिथे उन्हाळ्यात गुरांनाही सावली मिळत नाही.

आता दुर्वाला संशय घ्यायला माणूसच उरला नाही. कंपनीने सांगितलं होतं, घरी बोलता तसं बोला. पण बाहेर साहेब उभे असताना घरचं बोलायचं नसतं, हे या एकेचाळीस पोरांना पहिलीपासून शिकवलेलं होतं. ‘मले’ म्हटलं की छडी, ‘काहून’ म्हटलं की वर्गाचं हसू. त्यांनी खोटं बोलायचं ठरवलंही नव्हतं. माइक पुढे आला आणि प्रत्येकाने आपापली शाळेतली भाषणाची मराठी काढून अंगावर चढवली. तीही घाबरतच बोलायची भाषा. पट्टीने तीच भीती निवांतपणा म्हणून मान्य केली आणि ऐंशी दिवस इमानेइतबारे राखली. दुर्वा ढिली पडायला लागली की पट्टी तिला परत ताणायची. इंग्रजी बोलताना भीती गेलेली नव्हतीच, फक्त तिला शिस्त लागली होती. आणि घरी फोनवर गप्पांना बसलं की गळा सैल पडू पाहायचा, तिथेच पट्टी त्याला आवळून जागेवर आणायची.

ओळंबाच वाकडा धरून दिला होता, आणि धरणारे हात त्यांचेच होते. दुर्वाला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“उपाय आहे,” कर्णिक म्हणाला. “नवी नोंद. खरोखर निवांत, साठ सेकंद. पण नव्वदीच्या आत.”

ती तिथल्या तिथे काचेच्या खोलीत गेली. पट्टी काढून, खोलीतल्या यंत्राचे सेन्सर गळ्याला लावून बोलायचा प्रयत्न केला. रेघ वर. पुन्हा. रेघ वर. काचेबाहेर उभ्या कर्णिककडे पाहत निवांत होणं म्हणजे पाहुण्यांसमोर झोपायला सांगण्यासारखंच होतं.

शेवटी त्याने तिला नोंद घेणारी एक पट्टी दिली. ही नुसती ऐकते, गळ्याला काही करत नाही. “घरी जा आणि तिथे करा. अ‍ॅपमध्ये हिरवी रेघ आली की ‘पाठवा’ दाबा.” मग जरा पुढे झुकून म्हणाला, “आम्हालाही ती हवीच आहे. या भागातली एकही खरी नोंद आमच्याकडे नाही. तुमची एक मिळाली तर तीच या चाळीस जणांना बसवता येईल. पुढच्या वर्षी चार हजारांना.”

त्याचे डोळे चमकले, आणि दुर्वाच्या मनात विझत आलेला संशय पुन्हा धुमसू लागला.

सत्त्याऐंशीव्या दिवशी दुपारी ती घरी पोचली. बाजार समितीच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. समाधान ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. लेक आलेली पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि तिच्या गळ्यातली पट्टी पाहून विझला.

“बाबा, तुम्ही कसे आहात?” दुर्वाच्या तोंडून निघालं. त्या घरात बापाला आजवर कुणी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. समाधानने मान भिंतीकडे वळवली.

आईने तिला आत ओढलं. “इंग्रजी बोल, नाईतं काईबी बोल. पन त्याच्यासंगं अशी सायबीनीवानी नको बोलू. तो रोज साडेसहाले फोनापाशी येऊन बसते, अन् तुह्यं ते आयकलं का उठून जाते. एकेक अक्षर जोडून मले लिवून दाखोलं त्यानं.”

“काय लिहिलं?”

“पोरीले माही लाज वाटून राह्यली.”

दुर्वा पितळी डब्यांच्या मांडणीसमोर उभी राहून रडली. रडतानाही ‘मला माफ करा’ असंच मनात येत होतं, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

मग तिने डोळे पुसले, गळ्यातली चालू पट्टी काढली आणि नोंदीची पट्टी बांधली. बाहेर येऊन तिने चालू पट्टी ओट्यावरच्या पाटावर ठेवली, समाधानच्या अगदी समोर. लहानपणी दोघं असं खेळायचे. घरातली चप्पल, उंदीर पकडायचा पिंजरा, आईचं लाटणं, कशाचाही हर्रास व्हायचा. बाप पुकारायचा, पोर भाव लावायची. आज पोर पुकारायला उभी राहिली.

“कंठपट्टी,” ती म्हणाली. आवाज भाषणाचाच होता. “नवीन आहे. पुण्याहून आलेली आहे. बोला, किती देता? दहा. एक वार, दोन वार, तीन वार. दिली.”

समाधानच्या खांद्याला झटका बसला. मान भिंतीकडेच होती.

“पुन्हा. वीस. एकवारदोनवारतीनवार, दिली.”

“हट्,” समाधान म्हणाले.

आई दारात आली. दुर्वाने तिला हाताने थांबवलं.

“तीस. एक दोन तीन, संपलं.”

समाधान खुर्चीत पूर्ण वळले. बावीस वर्षं ज्याने धर्म म्हणून हर्रास पुकारला, त्याच्या डोळ्यांदेखत असा खेळखंडोबा चालला होता. त्यांचे ओठ हलले, अडकले, पुन्हा हलले.

“थांब... लागते,” ते म्हणाले. “दोन अन् तीनच्या... मधात. थांब लागते.”

“काहून?” दुर्वा म्हणाली. हा शब्द कुठून आला ते तिला कळलंही नाही.

“मानूस... इचार करते. तवाच... करते. तो... चूप बसते मंजे... गेला नाई. तू घाई केली... का माल... सस्त्यात पडते.”

“अन् त्यानं भावच नाई केला तं? उभंच राहाव का मंग सूर्य बुडेलोक?”

“उभं... राहाव.”

“मोठा आला उभं राहनारा. मंग तू पुकार ना बाबा, तुले येते तं. मी काय बाजारात जलमली का? महिनाभर तोंडाले कुलूप लावून बसला, अन् आता मले शिकोते.”

“तू... काहून बोलत नवती? धड?”

“मले येत नवतं.”

“आता... येते?”

“आता येते तं बोलून राह्यली ना.”

मग समाधानने पुकारलं. अडखळत, एका वारानंतर श्वास घेत, दुसऱ्या वारानंतर बाजार समितीच्या भिंतीकडे नजर टाकत. दुर्वाने भाव लावला, आईने त्यावर चढवला, शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी पाच रुपये जास्त ओरडलं. पट्टी शेवटी आईच्या नावे सुटली. या गडबडीत दुर्वाच्या गळ्यापाशी एक बारीक ‘टिंग’ झालं, ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

चहा झाल्यावर तिने फोन पाहिला. रेघ हिरवी होती. कर्णिकच्या आलेखापेक्षाही खालून, उन्हात मांजर पसरावं तशी पसरलेली. खाली बटण होतं, ‘पाठवा’.

दाबलं की दोन्ही मिळणार होतं. घरचं बोलणंही आणि परीक्षेतलं इंग्रजीही, आणि त्यामागून आयर्लंड. अंगठा बटणावर होता आणि मन मागे खेचत होतं. हे मिनिट आणखी चार हजार गळ्यांना बसवणार. पण तिचा निवांतपणा तो कृतिकाचा निवांतपणा कसा? गडचिरोलीच्या पोराला, नंदुरबारच्या पोरीला दुर्वाच्या ओट्यावर आणून बसवणार, आणि ती जरा आपल्या वाटेने गेली की मागे ओढणार. पुन्हा तोच ओळंबा, फक्त दुसऱ्या माणसाच्या हातचा. शिवाय त्या मिनिटात बापही होता.

“काय... पायते?” समाधानने विचारलं.

“हे कंपनीले द्याव का नाई ते.”

समाधानने बराच वेळ विचार केला. दुर्वा थांबली.

“घेनाऱ्याचं... तोंड पाहून... देजो,” ते म्हणाले.

दुर्वाला कर्णिकचे चमकलेले डोळे आठवले. तिने नोंद पुसली.

तासाभराने कर्णिकचा फोन आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज घाईचा होता. “हिरवी रेघ दिसली होती मला इथे. तुम्ही पुसलीत? दुर्वा, तशी नोंद पुन्हा मिळणार नाही.”

“मले रोज मिळते,” दुर्वा म्हणाली. साहेबाशी ती असं आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. छाती धडधडत होती, पण गळा मोकळा होता. आणि न पाठवताच त्याला रेघ कशी दिसली, हा प्रश्न तिने पोटात जपून ठेवला.

परत गेल्यावर तिने कृतिकाला आणि वर्गाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. कृतिका म्हणाली, “तुझा मुद्दा मला पटतो. परीक्षा झाल्यावर आपण याचा विचार करूया.” पट्टी एकानेही काढली नाही, आणि दुर्वाला कुणावर रागावताही येईना. आयर्लंड सगळ्यांनाच हवं होतं.

शहाण्णवाव्या दिवशी कृतिका आधी आत गेली आणि वीस मिनिटांनी इस्त्री केल्यासारखी बाहेर आली. मग दुर्वा गेली. समोर तीन परीक्षक होते, गळा उघडा होता. मधल्या बाईंनी काळ्या मातीबद्दल विचारलं. दुर्वाने तोंड उघडलं आणि गाठ बसली, जुनी, ओळखीची, स्वतःची.

एक वार, ती मनात म्हणाली. बाईंनी पेन खाली ठेवलं. दोन वार. खोलीत पंख्याचा आवाज होता. बाजार चूप आहे म्हणजे माल पडला असं नाही. ती उभी राहिली, घाई केली नाही, ‘मे आय सिट’ म्हणाली नाही.

“इन माय व्हिलेज,” ती म्हणाली, “द सॉइल... ब्रेक्स इन समर. यू कॅन पुट युअर होल हँड इनसाइड.” आणि हात किती आत जातो ते तिने कोपरापर्यंत दाखवलं. बाई पुढे झुकल्या. त्यानंतर दुर्वा आणखी पाच वेळा अडली, दोनदा क्रियापद चुकलं, आणि सगळं सांगून झालं. पहिल्या पाचांत आपण येणार नाही, हे तिला बाहेर पडतानाच कळलं. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

पायऱ्यांवर येऊन तिने घरी फोन लावला.

“गेला का... माल?” समाधानने विचारलं.

“तिसरा वार पडाचाच हाये, बाबा.”

“थांब मंग,” बाप म्हणाला आणि हसला.

शेजारच्या पायरीवर कृतिका घरी बोलत होती. “आई, आपण जेवलात का? माझी परीक्षा अतिशय समाधानकारक झाली.” फोनचा आवाज जरा मोठा होता, त्यामुळे पलीकडचा आवाज दुर्वालाही ऐकू आला. कृतिकाची आई विचारत होती, “कोन बोलून राह्यलं?”

“मी कृतिका बोलत आहे.”

“कोन?”

कृतिकाने फोन खाली घेतला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने पट्टी काढून मांडीवर ठेवली, तोंड उघडलं आणि मिटलं. तिचेही शहाण्णव दिवस झाले होते. दुर्वाला एकदम डॉक्टरीणबाई आठवल्या. शिकवू नका. चिडवा, भांडा. ती सरकून कृतिकाशेजारी जाऊन बसली.

“माही बादली कुठी लपोली वं तू, चोट्टे?” ती म्हणाली.

कृतिका नुसती तिच्याकडे पाहत राहिली. दुर्वाने मनात एक वार म्हटलं, मग दोन वार, आणि थांबली.